टिपणिसांची खोटी योशी

मोरेश्वर टिपणीस घराबाहेर पडले की दाराशी थांबत, उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ करत, तर्जनी स्वयंपाकघराकडे रोखत आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "गॅस! योशी!" मग बोट पुढे सरके. "नळ! योशी! इस्त्री! योशी! खिडकी! योशी!" शेवटी ते स्वतःच्या पायांकडे वळे. "बूट! एकाच जोडीचे! योशी!"

बुटांच्या नोंदीला इतिहास होता. तो ते सांगत नसत. त्यांच्या पत्नी सांगत.

तोक्योला लागून असलेल्या ग्योतोकुतल्या त्या चार मजली इमारतीत आमचे दरवाजे समोरासमोर होते. नव्वदच्या दशकातली शेवटची काही वर्षं. मी तेव्हा एका वृत्तसंस्थेच्या तोक्योतल्या कचेरीत काम करत असे. टिपणीस रोज सात वाजून बावीस मिनिटांनी 'गॅस' म्हणत. त्या काळात मी एकदाही गजर लावला नाही.

योशी म्हणजे 'ठीक'. जपानात आगगाडीचा चालक सिग्नलकडे बोट रोखून हे मोठ्याने म्हणतो. कारखान्यातले कामगारही म्हणतात. टिपणीस तोक्योच्या कोतो भागातल्या ज्या कंपनीत होते ती पत्रे दाबायची अजस्र यंत्रं बनवी, आणि त्या यंत्रांच्या जपानी पुस्तिका इंग्रजीत करणं हे त्यांचं काम. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने त्यांना कारखाना दाखवला. बरोबरचे लोक तिथून टोपी आणि चहाचा पेला घेऊन आले. टिपणीस योशी घेऊन आले.

तिचे नियम त्यांनी मला जिन्यात उभं करून शिकवले होते. डोळ्यांनी बघायचं. बोट रोखायचं. तोंडाने म्हणायचं. म्हणून झालं की बोट ताबडतोब खाली. "बोट वर ठेवून फिरलात तर दुसऱ्याच्या डोळ्यात जाईल," ते म्हणाले. "आणि न बघता कधीही म्हणायचं नाही. न बघता म्हटलेली योशी म्हणजे खोटी सही."

पुस्तिकांमुळे त्यांना आणखी एक सवय लागली होती. तिथे जोखमीच्या तीन पायऱ्या असतात: धोका म्हणजे माणूस मरेल, इशारा म्हणजे मरू शकेल, सावधान म्हणजे किरकोळ इजा. टिपणीस या तीन शब्दांत जगाची वाटणी करत. स्टेशनवरच्या यंत्रातून पडणारा कॉफीचा गरम डबा, इशारा. नववर्षाला जपानी घरांत खातात तो चिकट तांदळाचा गोळा, धोका; तो घशात अडकतो. माझ्या बायकोचा चिवडा, सावधान. तिने दोन दिवाळ्या त्यांना चिवडा दिला नाही.

गणपतीला आम्ही पाच-सहा मराठी कुटुंबं वॉर्डाच्या सभागृहात जमायचो. आरती संपली की टिपणीस निरांजनाकडे बोट रोखून "ज्योत! योशी!" म्हणत. जपानात वाढलेली मुलं एरवी मराठीत विचारलं तरी जपानीत उत्तर द्यायची. हा शब्द मात्र त्यांना आपला वाटला. तिसऱ्या वर्षी कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हणालं आणि सगळी मुलं एका सुरात ओरडली, "योशी!" टिपणिसांनी मुलांना दटावलं. कारण कुणीही मूर्तीकडे बोट रोखलं नव्हतं.

नलिनीवहिनींचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, या सगळ्याबद्दल एकच म्हणणं होतं. "लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा हे माझ्याकडे बघतच नव्हते. वर पंख्याकडे बघत होते. हलत होता म्हणे."

"हलत होता," टिपणीस म्हणत. "स्क्रू ढिला होता. बरोबर तुझ्या डोक्यावर."

वहिनी उंच, मोकळ्या आवाजाच्या. स्टेशनाजवळच्या जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात त्या अर्धवेळ काम करायच्या. संध्याकाळी नवरा फाटकातून बाहेर येताना दिसला की काउंटरच्या मागून हाक मारायच्या, "अहो!" त्या हाकेने निदान चार-पाच जपानी पुरुष वळून बघत. त्यांतले काही ओशाळलेले दिसत. याचं कारण 'आहो' हा जपानीतही शब्द आहे. त्याचा अर्थ मूर्ख.

वहिनींना हे पहिल्याच महिन्यात कळलं होतं. "मग काय नावाने हाक मारू? चिपुनिसु-सान?" कंपनीत टिपणिसांना चिपुनिसु-सान म्हणत, त्याहून जवळ जाणारा उच्चार तिथे कुणाला जमला नव्हता. 'अहो टिपणीस' आम्हीही म्हणायचो. नुसतं 'अहो', पुढे नाव नाही, हे फक्त वहिनींचं.

आता ज्वालामुखी.

स्टेशनवर एक जाहिरात लागली होती. क्युशू बेटावरचा आसो पर्वत, धुमसणारं विवर आणि त्याच्यावर एक इवलंसं हेलिकॉप्टर. वहिनी रोज तिच्यासमोरून जायच्या. एके दिवशी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही सारखं धोका धोका म्हणता ना, तो मला एकदा वरून बघायचाय."

टिपणिसांना तयार व्हायला आठ महिने लागले. त्यांनी हेलिकॉप्टरवाल्यांना तेवीस प्रश्नांचा फॅक्स पाठवला. उत्तर एका ओळीचं आलं: कृपया निश्चिंत मनाने यावं. "निश्चिंत ही सूचना नव्हे," टिपणीस म्हणाले. "ती भावना आहे." तरी गेले.

त्या सहलीचा वृत्तान्त वहिनींनी आमच्या घरी बसून सांगितला, आणि पुढे इमारतीतल्या प्रत्येक घरी सांगितला. तपशील कधी बदलले नाहीत, म्हणून मी ते विश्वसनीय धरतो.

हेलिकॉप्टरात बसण्याआधी प्रवाशांचं वजन करतात, कारण कुणी कुठे बसायचं ते वजनावर ठरतं. काट्याची तबकडी कर्मचाऱ्याकडे तोंड करून असते आणि तो आकडा न बोलता चिठ्ठीवर लिहितो. वहिनी काट्यावर चढल्या. टिपणीस पलीकडे गेले, वाकले, बोट रोखलं आणि म्हणाले, "एकोणसत्तर! योशी!" मग कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी तेच जपानीत म्हणाले. खोलीत आणखी अकरा प्रवासी होते. वहिनी उड्डाणापर्यंत नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

टिपणीस पुढे, वैमानिकाच्या शेजारी. वहिनी मागे, खिडकीशी. तिघांच्या कानांवर हेडफोन, तोंडापुढे माइक. वैमानिक मोरिता-सान मूळचे ओसाकाचे. आपलं ठरलेलं भाषण करत त्यांनी हेलिकॉप्टर विवराच्या काठावरून आत घेतलं, डावीकडे कलवलं, आणि वहिनींचा अबोला संपला.

"अहो! अहो, बघा! अहो, बघा, बघा!"

जपानीत 'बाका' म्हणजेही मूर्ख. 'घ' त्या भाषेत नाही, आणि पंख्याच्या आवाजात तो कुणालाच नीट ऐकू आला नसता. मोरिता-सानांच्या कानांत एक परदेशी बाई जिवाच्या आकांताने ओरडत होती: मूर्खा! मूर्खा, गाढवा! मूर्खा, गाढवा, गाढवा! ओसाकाच्या माणसाला 'आहो' लागत नाही. तिथे ते लाडाने म्हणतात. 'बाका' मात्र लागतो. मोरिता-सानांची मान लाल झाली असं वहिनी मागून बघून सांगत. त्यांनी तीनदा माफी मागितली, दुसरी फेरी रद्द केली आणि थेट कुरणावर आणून उतरवलं.

खाली त्यांनी टोपी काढली आणि वहिनींपुढे कंबरेत वाकले. आपलं काय चुकलं, त्यांनी विचारलं. टिपणिसांनी कागदावर दोन रकाने आखून समजावून सांगितलं: आमच्याकडे पहिला शब्द नवऱ्यासाठी, दुसरा शब्द म्हणजे 'पाहा'. मोरिता-सानांना इतकं हसू आलं की ते हेलिकॉप्टरच्या पायावरच बसले. त्यांनी वहिनींकडून ते वाक्य दोनदा म्हणवून घेतलं आणि मग स्वतः म्हणून बघितलं. "अहो, बगा, बगा." जाताना ते वाकले तेही हसत.

परतीच्या गाडीत वहिनींनी नवऱ्याला विचारलं, "काय दिसलं हो तुम्हाला?"

"तांबडं," टिपणीस म्हणाले.

वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. घरी आल्यावर मात्र सगळ्यांना सांगितलं. "यांना तांबडं दिसलं!" आणि त्यांचं ते हसू. विवरात पाण्याचं तळं आहे, आणि ते तांबडं नव्हतं. कोणत्या रंगाचं होतं हे त्यांनी इमारतीतल्या प्रत्येकाला सांगितलं, मलाही. फक्त टिपणिसांना सांगितलं नाही, आणि आम्हाला ताकीद दिली. "विचारलं तर म्हणायचं, जाऊन बघा."

पुढच्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. आजार दहा दिवसांचा. मुलगी पुण्याहून आली, महिनाभर राहिली, बाबांना बरोबर चला म्हणाली. बाबा नाही म्हणाले. मुलगी परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सात बावीसला आम्ही दाराआड उभे राहून ऐकलं. "गॅस! योशी! नळ! योशी!" यादी तीच होती. आवाज मात्र जिन्यापर्यंत आला नाही.

त्यानंतर टिपणिसांनी आसोला जायला सुरुवात केली.

सरकत्या जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरणारा माणूस सुट्टी मिळाली की एकटा उठून जिवंत ज्वालामुखीवर हेलिकॉप्टरने फिरायला जातो, याचा अर्थ इमारतीत कुणाला लागेना. पहिल्या वेळी वाऱ्याने विवरातला वायू कुरणाकडे आणला आणि उड्डाणं बंद झाली. दुसऱ्या वेळी उडाले. आल्यावर काहीही बोलले नाहीत. तिसऱ्या वेळी धुकं. चौथ्या वेळी ते माझ्या दाराशी आले.

"तुम्हाला मेच्या सुट्टीत काही काम आहे का?"

"नाही. का हो?"

"दोघांची तपासणी करायची आहे. महत्त्वाच्या ठिकाणी एकाने बघून चालत नाही, दुसरा साक्षीला लागतो. तुम्ही बातमीवाले. बघितलं तेवढंच सांगता."

"काय बघायचंय? ज्वालामुखी?"

"छे," टिपणीस म्हणाले. "ज्वालामुखी मी बघणार. तुम्ही माझे डोळे बघायचे. उघडे आहेत की नाहीत."

ते विमानाने जायला तयार नव्हते. विमान, इशारा. हेलिकॉप्टर, धोका, पण त्याला इलाज नव्हता. आम्ही आगगाडीने गेलो. क्युशूतल्या कुमामोतोच्या पुढे डोंगर चढताना तिथली छोटी गाडी एका ठिकाणी थांबते, काही अंतर उलटी चालते आणि मग पुन्हा पुढे निघते. चढ फार असल्याने रूळच तसे टाकलेत. उलटी चालू लागताच टिपणिसांनी माझा दंड धरला.

"गाडीसुद्धा नको म्हणते आहे."

"उतरायचं का?"

"चालत्या गाडीतून? धोका."

कुरणावर तपकिरी गाई चरत होत्या. त्यांच्यापलीकडे एक पत्र्याची शेड, समोर गवतावर हेलिकॉप्टर, आणि मागे डोंगराच्या माथ्यावरून निघणारा पांढरा धूर. दारातल्या पाटीवर लिहिलं होतं: वायूमुळे उड्डाणं थांबवली आहेत, वाट पाहावी. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. टिपणिसांनी बाहेर पडायचे दोन्ही दरवाजे बोटाने मोजले. योशी, योशी. मग बोट मांडीवर ठेवून बसले.

अर्ध्या तासाने त्यांनी आपण होऊन सांगितलं.

"मी बघितलंच नव्हतं."

"काय?"

"पहिल्या वेळी. तिच्याबरोबर. खालची जमीन सुटल्यापासून मी डोळे मिटले होते ते खाली टेकल्यावर उघडले. ती मागून ओरडत होती, अहो बघा, बघा. मी म्हटलं, बघतोय. डोळे मिटूनच."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"एवढंच असतं तरी चाललं असतं," टिपणीस म्हणाले. "मी हात वर केला. खिडकीकडे बोट रोखलं. आणि म्हटलं, योशी."

बाहेर कुणीतरी गाईंना हाकललं. टिपणीस खिडकीतून तिकडे बघत होते.

"सगळ्या आयुष्यात ती एक खोटी. तिला कळलं होतं. नाहीतर रंग सांगितला असता ना? हॉस्पिटलात शेवटच्या शनिवारी विचारलं, आता तरी सांग, काय रंग होता. म्हणाली, जाऊन बघा."

"मग दुसऱ्या वेळी तुम्ही उडाला होता ना?"

"उडालो. पैसे भरले, वजन केलं, बसलो. डोळे मिटले ते मिटले." मग म्हणाले, "पापणीला हात नसतात धरायला. तुम्हाला रंग माहीत आहे."

तो प्रश्न नव्हता. मी होय म्हटलं.

"सांगू नका," ते म्हणाले.

वारा फिरला तेव्हा दोन वाजले होते. आम्हाला वजनाला बोलावलं. टिपणीस काट्यावर चढले आणि पलीकडे काय आकडा आला याची चौकशी केली नाही. मी चढलो तेव्हाही त्यांनी तबकडीकडे पाहिलं नाही. कर्मचाऱ्याने चिठ्ठ्या बघून मला मागे बसवलं, त्यांना पुढे. मी सांगितलं की मला यांचा चेहरा दिसायला हवा. कर्मचारी हे फॉर्मवर कुठे लिहावं असा विचार करत असतानाच वैमानिक आले. मध्यम उंचीचे, पन्नाशीचे, टोपीखाली पांढरे केस. त्यांनी टिपणिसांकडे बघितलं, मागच्या रिकाम्या सीटकडे बघितलं आणि टोपी काढली. मोरिता-सान. त्यांनी काहीही विचारलं नाही. टिपणीस गेल्या उड्डाणालाही वहिनींशिवायच आले होते.

मोरिता-सानांनी सीट बदलून दिली. टिपणीस मागे, वहिनींच्या खिडकीशी. मी त्यांच्या शेजारी.

आम्ही उडालो. माझ्या माहितीप्रमाणे आसोचं विवर हे जगातल्या थोर दृश्यांपैकी एक आहे. त्याबद्दल मी इथे काहीही सांगू शकत नाही. मी टिपणिसांच्या पापण्या बघत होतो. जमीन सुटली त्या क्षणी त्या मिटल्या, आणि अशा मिटल्या की कडेला सुरकुत्या पडल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर.

"टिपणीस," मी माइकमध्ये म्हटलं, "डोळे मिटलेले आहेत."

"माहीत आहे."

"उघडा."

"प्रयत्न चालू आहे."

हेडफोनमध्ये मोरिता-सानांचं भाषण सुरू होतं: उजवीकडे हे शिखर, डावीकडे ते. हेलिकॉप्टर काठावरून आत गेलं. गंधकाचा वास आला. मला अंगाने कळलं की आपण डावीकडे कलतो आहोत, टिपणिसांच्या बाजूला.

"टिपणीस, आलं. खाली आहे."

"हो."

"मिटलेलेच आहेत."

"हो म्हटलं ना!"

भाषण मध्येच थांबलं. काही सेकंद नुसता पंख्याचा आवाज. मग मोरिता-सान, मागे न वळता, भाषणाच्या आवाजात नव्हे तर घरात बोलावं तशा आवाजात म्हणाले,

"अहो."

टिपणिसांची मान ताठ झाली.

"अहो. बगा, बगा."

डोळे उघडले. ते उघडायचं ठरवून उघडले नाहीत. आतल्या खोलीतून हाक आल्यावर माणूस पेपरातून मान वर करतो, तसे उघडले. आधी त्यांनी माझ्या बाजूला पाहिलं. मग खिडकीतून खाली.

"उघडे आहेत," मी म्हटलं. "दोन्ही."

मोरिता-सानांनी एक फेरी पूर्ण केली आणि न विचारता दुसरी सुरू केली. ती कापली गेलेली फेरी असावी. तेव्हा टिपणिसांचा उजवा हात गुडघ्यावरून सुटला, खांद्याच्या रेषेत आला, आणि तर्जनी काचेला जाऊन टेकली.

"हिरवं," ते म्हणाले.

वहिनींनी आम्हाला सांगितलेला शब्द तोच होता.

"हिरवं आहे गं," टिपणीस म्हणाले. "योशी."

"योशी," पुढून मोरिता-सान म्हणाले.

योशी म्हणून झालं की बोट ताबडतोब खाली आणायचं, हा नियम त्यांनीच मला जिन्यात शिकवला होता. आम्ही काठ ओलांडून बाहेर आलो, कुरण दिसू लागलं, गाई दिसू लागल्या, हेलिकॉप्टर गवतावर टेकलं, पंखा थांबला. त्यांचं बोट काचेवरच होतं.